येतो म्हणू नये

हिंडलग्याच्या फाटकातून निघताना
'येतो' म्हणायचं नाही.
धामणेकर मास्तरांनी वहीच्या पहिल्या पानावर
हेच लिहून ठेवलंय,
नावं, गावं, कलमं यांच्याही आधी.
घरातून निघताना 'जातो' म्हटलं तर
म्हातारी माणसं हातातलं टाकून ओरडतात;
इथं उलटं.
इथं जातो म्हणावं, खणखणीत.

सन एकसष्ट.
नागोजी धामणेकर, जेलातले विणकामाचे मास्तर,
रिटायर झाले.
वीस वर्षं त्यांनी माणसांना सतरंज्या विणायला शिकवल्या
आणि माणसं सुटून परत तिथंच आली,
हात सुधारलेले,
बाकी काही नाही.
मग वडगावात विणकरांच्या गल्लीत दोन खोल्या,
दोन माग, एक चूल,
आणि रोज सकाळी फाटकासमोर चिंचेखाली
सायकल टेकवून मास्तर बसलेले.

पहिला आला तो चिकोडीकडचा, रामाप्पा हुल्लोळी.
आत जातानाची विजार, दोनदा दुमडून नाडीत खोवलेली.
वहीत नोंद:
'कुलूप एक, किल्ल्या दोन.
एक त्यास दिली, एक मजकडे.'

पुढं अकरा वर्षं हीच ओळ.
मग गंगव्वा.
किल्ली हातात घेऊन उंबऱ्यातच उभी राहिली.
दुसरी कुणाकडं?
माझ्याकडं, मास्तर म्हणाले, काळजीपोटी गं.
आतबी तुमच्याकडंच होती की, मास्तर.

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत असं सांगतात.
मला ठाऊक नाही. वहीत जेवणाची नोंद नसते.
पण दुसऱ्या दिवशीच्या शाईत आहे:
'किल्ल्या दोन. दोन्ही तिला.'

त्र्याहत्तरला मंडळ झालं, नंबर मिळाला, पाटी आली.
पाटी मराठीत का कन्नडात
यावर तीन बैठका, एक राजीनामा.
शेवटी दोन्हीत रंगवली,
तर तिच्याखालून आत यायला कुणी तयार होईना.
'सुटलेल्या कैद्यांचे',
दोन्ही लिप्यांत सारखंच जड.
पाटी उतरवली.
तिच्या पाठीवर गंगव्वा पुढं कैक वर्षं
सांडगे वाळत घालायची.

वहीत खोटं नाही.
अठ्ठ्याहत्तर: एक धोटा, सुताच्या नऊ लडी, रोख चाळीस
घेऊन एकजण रातोरात गेला.
मास्तरांनी पुढं 'चोरी' लिहिलं,
मग खोडून, 'उचल'.
चार वर्षांनी सांगलीहून मनिऑर्डर आली,
चाळीसच.
धोटा नाही आला.

परत आत गेले ते एकोणीस.
त्यांच्यासाठी लाल शाई नाही.

माग आता नाहीत.
उद्यमबागेत फाउंड्रीवर तिघं आहेत,
एकजण कुंद्याची कढई ढवळतो, तो तर
चाखूनसुद्धा बघत नाही, गोड सोसत नाही म्हणे.
एकजण ही वही लिहितो.
माझं पान एकशे बारा, पाहिजे तर बघा.

आज सकाळी अडिवेप्पा सुटला, गोकाकच्या बाजूचा.
चौदा वर्षं.
फाटकावरच्या शिपायाला सवयीनं म्हणाला,
'बर्तीनि री.' येतो हं.
शिपाई दचकला, लाठी बगलेत मारून
दोन्ही हात जोडले त्यानं,
'बरब्याड पा! बरब्याड!'
येऊ नको बाबा, येऊ नको.
आधी मी हसलो, मग शिपाई.
अडिवेप्पाला जरा वेळ लागला.

खोलीशी आल्यावर कुलूप दिलं, किल्ल्या दिल्या.
एक त्यानं करदोट्याला बांधली.
दुसरी तळहातावर घेऊन उभा,
ही कुणाला द्यायची?
बायको आठव्या वर्षीच गेली,
पोरगा पत्ता सांगत नाही.

ठेव म्हटलं.
बघू.